साडेतीन हजार ताटांचं देणं : नवी पेठेतल्या एका मेसचं करोना वर्ष

आमची मेस पुण्यात नवी पेठेत आहे, शास्त्री रस्त्यापासून थोडी आत. आई चालवते, मेंबर तिला काकू म्हणतात. मी दिवसा एका सीएंच्या ऑफिसात असते आणि मेसचा हिशेब बघते, त्यामुळे मार्च २०२० ते एप्रिल २०२१ च्या सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत. करोनात खाणावळी बुडाल्या असं सरसकट म्हटलं जातं. आमच्या वह्यांत दिसतं ते थोडं वेगळं आहे. मेस बंद होती त्या महिन्यांत आम्ही कसेबसे का होईना, तग धरून होतो. गळ्याशी आलं ते ऑक्टोबरमध्ये, शटर वर गेल्यावर आणि टेबलं भरल्यावर.

हे कसं झालं ते कळायला आधी आमचं गिऱ्हाईक कोण हे सांगायला हवं. गांजवे चौक, शास्त्री रस्ता, सदाशिव पेठ, लोकमान्यनगर हा सगळा पट्टा स्पर्धा परीक्षावाल्यांचा. बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळ, नंदुरबार इथून आलेली मुलं-मुली एका खोलीत तिघं-चौघं राहतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि दोन वेळा मेसला येतात. त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची जाहिरात आली की सुरू होतं आणि पूर्वपरीक्षेची तारीख आली की तापतं. आमच्या मेंबरांचा आकडाही त्याच तालावर वर-खाली होतो. २०२० मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती, त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमचे मेंबर झाले होते १४० च्या आसपास. बसायची जागा चाळीसची. दुपारी एक ते अडीच जिन्यापर्यंत रांग.

तेव्हा दर महिन्याला २,६०० रुपये, दोन वेळा. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण-भात, ताक. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. चतुर्थीला उपासवाल्यांना साबुदाण्याची खिचडी. पैसे महिन्याच्या सुरुवातीला ॲडव्हान्स. आणि मेसवाल्यांच्या धंद्यातली सगळ्यात जास्त भांडणं ज्यावरून होतात ती गोष्ट म्हणजे खाडे. मेंबर गावी गेला, आजारी पडला, तर न जेवलेली ताटं पुढच्या महिन्यात वळती करून द्यायची, तो खाडा. प्रत्येक मेसचा नियम वेगळा. आमचा असा होता: आदल्या दिवशी सांगितलं पाहिजे, सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर खाडा नाही आणि दोन महिन्यांत वापरला नाही तर बुडाला. भिंतीवर पाटीच होती. ही पाटी कुणी वाचत नाही आणि मग काउंटरवर वाद घालतं.

मार्च

राज्यातले पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्चला. पहिले चार-पाच दिवस मेसमध्ये फक्त चर्चा. मग अभ्यासिका बंद झाल्या, घरून फोन यायला लागले आणि पोरं निघाली. कुणी सांगून गेलं, कुणी खोलीतल्या मित्राकडे निरोप ठेवून, बरीचशी तशीच. १५ तारखेनंतर जेवणाऱ्यांची संख्या रोज वीस-पंचवीसने उतरत होती. २२ ला जनता कर्फ्यू, २३ ला राज्यभर संचारबंदी, २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी. परीक्षा ५ एप्रिलवरून २६ एप्रिलला ढकलली होती, त्यामुळे जाणारा प्रत्येक जण 'काकू, महिन्याभरात येतोच' म्हणून गेला. पुस्तकं, गाद्या, सायकली इथेच.

मार्च संपताना मी वही मांडली. प्रत्येकाने महिन्याचे पैसे भरलेले आणि जेवण झालेलं जेमतेम पंधरा-अठरा दिवसांचं. शिल्लक ताटांची बेरीज साधारण साडेतीन हजार. ४६ रुपयांना एक ताट धरलं तर एक लाख साठ हजारांच्या वर. बँकेत, किराणावाल्याचं बिल आणि जागेचं भाडं दिल्यावर, नव्वद हजार. म्हणजे सगळ्यांना पैसे परत करायचे म्हटलं असतं तरी ते शक्य नव्हतं.

माझ्या भावाचं, दादाचं म्हणणं होतं, पाटीवरचा नियम लावा. कुणी आदल्या दिवशी सांगितलं नाही, खाडा नाही, विषय संपला. आसपासच्या काही मेसनी तेच केलं आणि मला त्यांचा राग येत नाही. त्यांचं भाडं थांबलं नव्हतं. आईने मात्र सांगितलं की सगळ्यांचे खाडे लिहायचे, न सांगता गेलेल्यांचेसुद्धा, आणि मुदत घालायची नाही. यात माणुसकी होती तशी धंद्याची नजरही होती. हातात पैसे नसताना शब्द देणं स्वस्त पडतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मी एप्रिलभर एकेकाच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला: नाव, भरलेले पैसे, जेवलेली ताटं, शिल्लक खाडे. घरून काम चालू होतं, ऑफिसचं काम निम्मं झालेलं, वेळ होता. उत्तरं गमतीची आली. काहींनी नुसता अंगठा दाखवला. एकाने आपल्या हिशेबात दोन खाडे जास्त लागतात म्हणून तारीखवार यादी पाठवली आणि ती बरोबर निघाली. दहाएक जणांनी पैसेच परत मागितले. कुणाच्या वडिलांचा रोजगार गेला होता, कुणाच्या घरी कांदा शेतात पडून होता. त्यांना आम्ही गुगल पेने पाठवले. आणि काहींनी लिहिलं, 'माझे खाडे तिथे अडकलेल्यांना द्या.' असे तीनशेच्या वर ताटं जमली.

बंद असतानाचे महिने

अडकलेले बरेच होते. ज्यांची गावं लांब, किंवा ज्यांना २६ एप्रिलला परीक्षा होईलच असं वाटत होतं, ते खोल्यांवर थांबले. पार्सलला कागदावर परवानगी होती. प्रत्यक्षात भाजी आणायची कुठून हा प्रश्न होता, कारण एप्रिलमध्ये मार्केट यार्डातला भाजीबाजारच बंद झाला. पोळ्या करणाऱ्या तीन मावशींपैकी दोघी दांडेकर पुलाकडच्या वस्तीत राहतात, तिथे पत्रे ठोकून रस्ते बंद केलेले. आचारी नांदेडचा, तो आधीच निघून गेला होता. मग आई, मी आणि शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या तिसऱ्या मावशी अशा तिघींनी रोज तीस-पस्तीस डबे काढले. बटाटा, मटकी, बेसनाचं पिठलं, डाळ-तांदळाची खिचडी, पुन्हा बटाटा. ५ एप्रिलला, मुळात परीक्षा असायची त्या रविवारी, रात्री नऊला सगळीकडे दिवे लावले गेले तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशीची मटकी निवडत होतो. मे महिन्यात एसटीने विद्यार्थ्यांना आपापल्या जिल्ह्यांत सोडायला सुरुवात केली आणि डबेही थांबले.

आता या काळातला खर्च बघा. भाडं ३८ हजार होतं, मालकांनी तीन महिने निम्मं घेतलं. त्यासाठी आईला दोनदा जाऊन बसावं लागलं, पण घेतलं. मावशींना आम्ही निम्मा पगार देत राहिलो. २०१९ मध्ये स्वयंपाकघरासाठी काढलेल्या छोट्या कर्जाला मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, घ्यायचं नाही हे मी ठरवलं, व्याज चालूच राहणार होतं म्हणून. गॅस नाही, किराणा नाही, भाजी नाही, वीज नावापुरती. महिन्याला तीस-बत्तीस हजार जात होते आणि ते माझ्या पगारातून, दादाच्या पगारातून आणि आईच्या भिशीतून निघत होते. भिशीचा तिचा नंबर नेमका जूनमध्ये लागला. बायकांनी हप्ते ऑनलाइन भरले. त्यातल्या दोघी तरी तेव्हा पहिल्यांदाच फोनवरून पैसे पाठवायला शिकल्या. जुलैत शहरात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी आली आणि गेली, आमच्या वहीवर तिचा ओरखडासुद्धा नाही. बंद मेसला टाळेबंदीने काय फरक पडणार?

परीक्षेची तारीख मात्र हलत होती. जूनमध्ये जाहीर झालं, १३ सप्टेंबर. मग त्याच दिवशी 'नीट' आहे म्हणून २० सप्टेंबर. मग ११ ऑक्टोबर. प्रत्येक तारखेला मेंबरांच्या ग्रुपवर 'काकू, मेस कधी चालू?' असे पंचवीस-तीस मेसेज पडायचे. मी त्या मेसेजांवरून अंदाज बांधायचे आणि दर वेळी तारखेबरोबर अंदाजही मोडीत निघायचा.

गणपती झाल्यावर आईला करोना झाला. घर दोन खोल्यांचं, तिथे वेगळं राहणं शक्य नाही, म्हणून ती मेसच्या हॉलमध्ये राहिली. टेबलं भिंतीकडे सरकवून मध्ये गादी. मी दारात डबा ठेवायचे आणि रस्त्यावरून तिच्याशी बोलायचे. वैकुंठ स्मशानभूमी आमच्यापासून लांब नाही. त्या सप्टेंबरमध्ये पुणे जिल्हा देशातल्या सगळ्यात जास्त रुग्णसंख्येच्या जिल्ह्यांत होता, रुग्णवाहिकांचे आवाज रात्रीही थांबत नव्हते. आईचा ताप चार दिवसांत उतरला, पण चव बराच काळ गेली होती. तिच्यासाठी ते सगळ्यात वाईट, कारण मेसची आमटी चाखून मीठ ठरवणारी तीच. त्या मुक्कामात तिने खाड्यांची वही पाठ केली. कुणाचे किती, हे ती आजही न बघता सांगते.

उघडल्यावर

५ ऑक्टोबरपासून राज्यात हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली. ११ ला परीक्षा. आम्ही पहिल्याच दिवशी शटर उघडलं. चाळीसच्या जागी वीस खुर्च्या, दारात सॅनिटायझर, ताटांऐवजी पहिले काही दिवस पत्रावळी. संध्याकाळपर्यंत साठ जण जेवून गेले. आई खूश. मी रात्री गल्ला मोजला आणि गप्प बसले. साठातले चाळीस जण खाड्यांवर जेवले होते.

हिशेब सरळ आहे. जुन्या मेंबरांचे पैसे मार्चमध्ये आले आणि मार्च-एप्रिलमध्येच भाड्या-पगारात खर्चून गेले. ताटं मात्र आता वाढायची होती, ऑक्टोबरच्या भावाने. केंद्राने १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद केली तरी कांदा चढतच राहिला. तेलाचा डबा दर खेपेला महाग. मार्चमध्ये आम्हाला एक ताट तीस रुपयांच्या आत पडायचं, ऑक्टोबरमध्ये छत्तीस-सदतीस. आचारी परत आला होता, मावशी पूर्ण पगारावर, भाडं पूर्ण. म्हणजे गर्दी जितकी जास्त तितका रोजचा खड्डा मोठा. चार दिवसांत किराणावाल्याकडे उधारी मांडावी लागली. बंद असताना ती कधी मांडली नव्हती.

त्यात ९ ऑक्टोबर. मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबरला स्थगिती दिल्यापासून परीक्षेवर टांगती तलवार होतीच. परीक्षेला दोन दिवस राहिले असताना ती पुढे गेली. या वेळी नवी तारीखही नाही. त्या शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये जो आवाज होता तो मी वर्षभरात दुसऱ्यांदा ऐकला नाही: सगळे एकाच वेळी बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. एका मुलीची वयोमर्यादा संपायला वर्ष उरलं होतं, ती भात कालवत बसली होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, 'पुढची तारीख कधी?' आठवड्याभरात निम्मे पुन्हा गावी गेले. उरलेले खाडे घेऊन.

या टप्प्यावर तीन रस्ते होते. एक, मेस बंद करून खाडे गोठवायचे. दोन, जुने खाडे रद्द करून सगळ्यांना नव्याने पैसे मागायचे. तीन, असंच चालवून दिवाळीपर्यंत बुडायचं. दादा पहिल्यावर होता, मी दुसऱ्याच्या जवळ. तिसऱ्याचं नाव कुणी घेत नव्हतं, पण व्यवहारात आम्ही तेच करत होतो. आईने चौथा काढला: दुपारचं जेवण खाड्यावर, रात्रीचं रोख. ज्याचे तीस खाडे शिल्लक आहेत त्याने ते तीस दुपारी खावेत, पण रात्रीसाठी कूपन घ्यावं. महिन्याचा ॲडव्हान्स बंद. कूपनं आठवड्याची, तेरा ताटांची ७५० रुपयांना. ज्याला रात्रीचंच हवं त्याने निम्मं घ्यायचं.

याने काय झालं? देणं कमी झालं नाही, लांबलं. पूर्वी तीस खाडे पंधरा दिवसांत संपत, आता महिना लागत होता, आणि तो महिनाभर त्याच माणसाकडून रोज थोडी रोकड येत होती. रात्रीच्या ताटात सुटणारे वीसेक रुपये दुपारच्या तोट्याला लावायचे. मी याचा तक्ता करून पाहिला. साठ मेंबर धरले तर गाडी जेमतेम रुळावर राहते. पन्नासच्या खाली आले तर नाही.

विरोध झाला. बीडच्या एका मेंबराने व्हॉट्सॲपवरचा माझाच फोटो दाखवला. 'काकू, मुदत नाही असं ताईंनी लिहिलंय. आता अटी कशा?' त्याचा मुद्दा बिनतोड होता. आईने त्याला काउंटरच्या मागे बोलावलं, किराणावाल्याची उधारीची चिठ्ठी समोर ठेवली आणि म्हणाली, 'तुझे अठ्ठावीस आहेत. आजपासून दोन्ही वेळा खा, चौदा दिवसांत संपव. पण पंधराव्या दिवशी मेस असेल की नाही ते मला विचारू नकोस.' तो दोन दिवस बाहेर वडापावावर राहिला आणि तिसऱ्या दिवशी कूपन घ्यायला आला. आईचं ते बोलणं मला तेव्हाही थोडं दमदाटीचं वाटलं होतं, आजही वाटतं. पण उधारीची चिठ्ठी मेंबराला दाखवायची, हे कुठल्याही सीएच्या डोक्यात आलं नसतं.

नोव्हेंबर-डिसेंबर साठाच्या आसपासच गेले. दिवाळीत आठवडाभर बंद.

जानेवारी ते मार्च

११ जानेवारीला आयोगाने तारीख दिली: १४ मार्च. आठवड्याभरात रस्ता बदलला. झेरॉक्सवाले, चहाच्या टपऱ्या, जुन्या पुस्तकांचे गाळे, सगळीकडे पोरं. आमच्याकडे फेब्रुवारीत नव्वद मेंबर झाले. यात नवे चेहरे बरेच होते आणि इथे खाड्यांच्या वहीला एक वेगळाच फाटा फुटला. एक मुलगा आला आणि म्हणाला, 'दादाचे खाडे माझ्या नावावर करा.' त्याच्या दादाने अभ्यास सोडला होता, गावी शेळ्या घेतल्या होत्या, धाकटा आता तयारीला आला होता. मग असे आणखी काही आले: भाऊ, मावसबहीण, एकाच्या गावचा मित्र. नियमात हे कुठेच नव्हतं. आईने ओळख म्हणून फक्त जुन्या मेंबराशी फोनवर बोलणं करून घेतलं आणि नाव बदललं. दोनशे ताटं अशी बदललेल्या नावांवर गेली. या मुलांचे खाडे दहा-बारा दिवसांत संपायचे, पण मेंबर ती वर्षभरासाठी व्हायची. जाहिरातीला एक रुपया न घालता इतके नवे मेंबर आम्हाला आधी कधी मिळाले नव्हते.

२२ फेब्रुवारीपासून पुण्यात रात्रीची बंधनं पुन्हा आली. ११ मार्चला, परीक्षेला तीन दिवस असताना, ती पुन्हा पुढे ढकलल्याचं परिपत्रक आलं. आमच्या मेसमधून ताटावरून उठून पोरं शास्त्री रस्त्यावर गेली. रस्ता अडला, पोलीस आले, राज्यभर बातम्या झाल्या. आईने स्वयंपाक झाकून ठेवला आणि रात्री उशिरा जे आले त्यांना वाढलं, कूपन न फाडता. संध्याकाळी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आठ दिवसांत परीक्षा होईल असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही तारीख आली. त्या तारखेला परीक्षा खरोखर झाली. दुपारी दोन पेपरांच्या मध्ये जेवायला कुणी येणार नाही म्हणून आम्ही फीस्ट रात्री ठेवली. पुरी-श्रीखंड. रविवार संध्याकाळची सुट्टी मोडून.

मार्चअखेरीस मी पुन्हा वही मांडली. साडेतीन हजारांपैकी परत आलेल्या मेंबरांनी खाल्लेली ताटं दीड हजार. जुन्या मेंबरांपैकी परत आले फक्त पंचावन्न. अडीचशे ताटांचे पैसे परत केलेले, तीनशे अडकलेल्यांना दिलेली, दोनशे नाव बदलून गेलेली. उरली साडेबाराशे, म्हणजे जुन्या भावाने सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार. त्यातले बहुतेक मेंबर आता येणार नाहीत. कुणी गावी दुकान टाकलंय, दोघं पोलीस भरतीकडे वळली, काहींचे नंबर लागत नाहीत. हिशेबाच्या भाषेत हे देणं आता उत्पन्नात घ्यायला हवं. मी तसं सुचवलं. आई म्हणाली, वही राहू दे. मी पक्क्या हिशेबात ते देणं म्हणूनच दाखवते, आणि आमचे सीए दरवर्षी त्या ओळीवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करतात.

महिन्याच्या ॲडव्हान्सवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. मेंबरांना तो सोयीचा वाटतो, आईलाही एकरकमी पैसा आवडतो, किराणा घाऊक भरता येतो. मी आठवड्याच्या कूपनावर अडून आहे. ३ एप्रिल २०२१ पासून पुण्यात बसून जेवण पुन्हा बंद झालं, फक्त पार्सल, संध्याकाळी सहानंतर संचारबंदी. पोरं पुन्हा निघाली. त्या दिवशी जाणाऱ्यांचं आमच्याकडे जे शिल्लक निघालं ते सगळं मिळून चारशे ताटं होतं आणि त्याचे पैसे आम्ही दोन दिवसांत परत केले.